आत्याच्या खोलीची खिडकी

माझ्या कपाटात एक मोरपंखी साडी आहे. ती मला दोनदा मिळाली. पहिल्यांदा मिळाली त्यानंतर वर्षभरानं तिच्याकडे बघून मी दातओठ खाल्ले होते, आणि दुसऱ्यांदा मिळाली तेव्हा गुपचूप डोळे पुसले होते. साडी तीच, आणि देणारं घरही तेच. मधल्या काळात काय झालं ते सांगते.

मी आर्किटेक्ट आहे. पडेगावला आमच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे माझं ऑफिस. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आणि दारावर पाटी. नवरा वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये असतो. घरात तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. आई शेतकऱ्याच्या घरात जन्मल्या आणि शेतकऱ्याच्याच घरात दिल्या गेल्या. काम म्हणजे ज्यानं कंबर दुखते ते, अशी त्यांची साधी व्याख्या. माझ्या कामाला त्या रेघोट्या म्हणायच्या. "तुझ्या रेघोट्या झाल्या आसल्या तर जेवाय ये," अशी हाक रोज दुपारी यायची. त्यात टोमणा नव्हता, म्हणून मला भांडताही यायचं नाही. कॉम्प्युटरपुढे बसून माझीही कंबर दुखते हे मी एकदा सांगून पाहिलं, तर त्यांनी मला शेकायला गरम पिशवी आणून दिली आणि विषय संपवला.

आईंचं माहेर लासूर स्टेशनला. भाऊ वारले, आता तिथं भावजय आणि भाचा. भाचा बाजारात कांद्याची आडत चालवतो. नात्यानं तो माझ्या नवऱ्याचा मामेभाऊ, वयानं लहान, म्हणून मला वहिनी म्हणतो. त्याला आईंनी काखेत घेऊन वाढवलेला. बाप गेल्यावर बापाची एक रीत त्यानं मोडली नाही: भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात हजर, आत्याला आठ-दहा दिवस माहेरी न्यायला. आई एरवी गुडघे धरून उठतात. दिवाळीत माहेरी न्यायची बॅग काढायची वेळ आली की माळ्यावर स्वतः चढायला निघतात आणि मला त्यांना धरून खाली बसवावं लागतं.

भाच्यानं जुनं पत्र्याचं घर पाडून बंगला बांधायचं ठरवलं, तेव्हा तो पेढे घेऊन आमच्याकडे आला. घरात आर्किटेक्ट असताना बाहेर कशाला जायचं, म्हणाला. मग खुर्चीत सावरून बसत त्यानं विचारलं, "वहिनी, तुमची फी काय ती सांगा." मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला, "बघू मागून. घरचंच हाय." मी तेव्हा हसले. फी नंतर मोबाइलवर लिहून पाठवली, त्यावर त्याचा अंगठा आला. अंगठा म्हणजे होकार, असं मी धरून चालले.

काम सुरू झालं आणि भाच्याच्या डोक्यात रोज नवं काहीतरी येऊ लागलं. जिना बाहेरून, मग आतून, मग परत बाहेरून. कुठल्यातरी लग्नाला नाशिकला गेला आणि तिथल्या एका बंगल्याचा फोटो घेऊन आला, पुढचे खांब असेच पाहिजेत म्हणून. मी पुसायची आणि नव्यानं काढायची. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पैसे वेळेवर गेले नसते तर स्लॅब अडला असता, ते मी माझ्या बचतीतून भरले. प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी सळई तपासायला लासूरला गेले.

एक गोष्ट मात्र त्यानं पहिल्या दिवशी सांगितली आणि शेवटपर्यंत बदलली नाही. "देवघराशेजारी एक खोली आत्याची ठिवा, वहिनी. पूर्वेकडं खिडकी. आन् ती सरकती नको. आत्याला दोन दाराची लाकडी खिडकी लागती, हातानं ढकलून उघडायची." अख्ख्या बंगल्याला अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत, फक्त त्या एका खोलीला सागवानी. नकाशात आम्ही एक नंबरची बेडरूम, दोन नंबरची बेडरूम असं लिहितो. त्या खोलीत मी नुसतं 'आत्या' लिहिलं. सुताराला ते समजेना, त्यानं फोन करून विचारलं होतं. मला भाच्याचा कितीही वैताग आला तरी त्या खोलीमुळे त्याच्यावर रागावता येत नसे.

वास्तुशांतीला सगळं गणगोत जमलं. मांडवात माइक होता. भाच्यानं आधी मिस्त्रीला बोलावून टोपी-टॉवेल आणि कपडे दिले, मग सुताराला. मग मला आणि नवऱ्याला पाटावर बसवलं. मला मोरपंखी साडी, त्यावर नारळ; नवऱ्याला शर्ट-पँटचं कापड. "ह्या घराचा नकाशा आमच्या वहिनीनं काढला, हा त्यांचा मान," तो माइकवर म्हणाला. टाळ्या पडल्या. नवऱ्यानं त्या घराची एक वीटही जागेवर पाहिली नव्हती, पण तो इतक्या समाधानानं टाळ्या स्वीकारत होता की मला हसू आलं. आई पुढच्याच रांगेत बसून पदरानं डोळे टिपत होत्या. त्यांच्या माहेरानं त्यांच्या सुनेचा मान केला होता.

फीसाठी मी थांबले. दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर, मग कांद्याचा भाव वर आल्यावर. मोबाइलवर बिल पाठवलं, तर जोडलेले हात आले. पुन्हा पाठवलं, पुन्हा हात. पावसाळाही गेला. माझ्यासोबत शिकलेल्या एका मैत्रिणीनं सरळ वकिलाची नोटीस धाडायला सांगितलं; तिचे स्वतःचे पैसे तसेच निघाले होते. मी नोटिशीचा मजकूरही तिच्याकडून मागवून घेतला. धाडण्याआधी एकदा शेवटचं म्हणून भाच्याला फोन केला. तो मनापासून बुचकळ्यात पडल्यासारखा बोलला.

"वहिनी, आवं आहेर केला ना तुम्हाला. भारीतली साडी व्हती. चार लोकांत मान केला. मला वाटलं मिटलं."

तो मला फसवत नव्हता, हीच तर पंचाईत. त्याला खरंच तसं वाटत होतं. बिल म्हणजे मी कागदोपत्री ठेवायला पाठवतेय, असा त्याचा समज होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवला, आत गेले, कपाटातून साडी काढून पलंगावर आपटली आणि आईंना म्हणाले, "बघा, ही माझी फी. दीड वर्षाची."

आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं एका दमात बोलून टाकलं, नोटिशीचंही. त्यांच्या माहेराबद्दल बोलताना मी एरवी जीभ सांभाळते. त्या दिवशी सांभाळली नाही. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही. टरफलं बाजूला सारत विचारलं,

"मिस्त्रीला आहेर झाला ना?"

"झाला."

"मग त्याची मजुरी कापली का?"

"नाही. ती त्याला आठवड्याच्या आठवड्याला मिळत होती."

"आन् सुताराची?"

"त्याचीही नाही कापली."

त्यांनी परडी बाजूला सरकवली. "मग तुलाच नुसता आहेर कामून?"

याचं उत्तर आईंना माझ्याकडून नको होतं. त्या पलंगावर बसल्या, साडीची विस्कटलेली घडी परत नीट घालू लागल्या आणि मान खाली घालूनच म्हणाल्या, "मपल्या माहेरानं आसं केलं. नोटीस धाडू नको. आपुन जाऊ. ही परत करू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आमच्याकडे आहेर परत करणं म्हणजे नातं संपलं. लग्नात रुसलेले व्याहीसुद्धा आहेर जेवणाच्या पंगतीत टाकून जातात, घरी नेऊन परत आणून देत नाहीत. नोटीस चालली असती, कोर्टकचेरी करूनही माणसं पुन्हा एकमेकांच्या लग्नाला जातात. परत केलेल्या आहेरानंतर जाता येत नाही. आणि माहेर जाणार होतं ते माझं नाही, त्यांचं. आता माझा राग पार उतरला. मी म्हणाले, "आई, राहू द्या. पैसे काय, येतील जातील." त्यांनी ऐकलं नाही. माझ्या नवऱ्याच्या कापडाचा तर शर्ट शिवून झाला होता, तो तेव्हा तोच घालून कंपनीत गेला होता. त्याचं काय करायचं, मी विचारलं. त्यावर त्यांनी थोडा विचार केला. "त्याचं ऱ्हाऊ दे. तो तिथं पाव्हणाच व्हता. तू कामाची व्हतीस."

दिवाळी तोंडावर आली होती. मी गाडी काढली. आई साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि पडेगावातच किराणा दुकानापुढे त्यांनी मला थांबवलं. आहेर नारळासकट आला होता, तो नारळासकटच परत जायला हवा. मूळच्या नारळाची चटणी मी केव्हाच करून टाकली होती. त्यांनी एकेक नारळ कानाजवळ हलवून बघितला आणि त्यातला सगळ्यात भरलेला निवडला. भांडायला जाताना चांगला नारळ निवडणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

भाचा घरीच होता. आत्याला दारात बघून तो बनियनवरच धावत आला. "आत्या, आवं फोन केला आसता तर मीच आलो आसतो." मामींनी, म्हणजे त्याच्या आईनं, पाणी आणलं. आईंनी पाणी घेतलं, चहाला नको म्हणाल्या. मामी सवयीनं त्यांची पिशवी उचलून त्यांच्या खोलीत ठेवायला निघाल्या, तर आईंनी पिशवी घट्ट धरली. खोलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. सोफ्याच्या कडेला बसून त्यांनी पिशवीतून साडी काढली, टीपॉयवर ठेवली आणि वर नारळ ठेवला.

मामींनी पदर तोंडाला लावला. भाचा आधी हसला, मग त्याचं हसू गेलं.

"आत्या, आहेर परत करत्यात का कुठं?"

"आहेर आसता तर केला नसता," आई म्हणाल्या. "तू म्हणलास ही हिची फी हाय. मजुरी लुगड्यात देत न्हाईत, बाबा."

"घरच्या माणसाचा काय हिशेब, आत्या? तूच म्हणली व्हतीस ना, घरचंच हाय."

"म्हणले व्हते. माझं चुकलं. मला तवा वाटायचं ती नुसत्या रेघोट्या मारती." मग शांतपणे विचारलं, "आमच्या वावरातला कांदा तुझ्या आडतीवर येतो. तवा हमाली-तोलाई कापतूस का न्हाय?"

"कापावी लागती आत्या. धंदा हाय त्यो."

"मग हिचाबी धंदा हाय."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या कामाला त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी काम म्हटलं होतं, आणि ते म्हणण्यासाठी त्या स्वतःचं माहेर टीपॉयवर ठेवून बसल्या होत्या. मला त्या क्षणी फी नको होती. उठावं, साडी उचलावी आणि सगळ्यांना म्हणावं की चला, जेवायला बसू, असं फार वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझी हिंमत झाली नाही.

भाच्याचे कान लाल झाले होते. "पैशापायी माहेर तोडायलीस व्हय, आत्या?" तो म्हणाला.

आई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, भावजयीच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर आल्या. मामी फाटकापर्यंत मागे आल्या. भाचा बाहेर आला नाही.

त्या घरातून आई कधी रिकाम्या हातानं परतल्या नव्हत्या. डिकीत कांद्याची गोणी, पायाशी शेंगांची पिशवी, मांडीवर लोणच्याची बरणी, असं सामान असायचं; मी दर वेळी गाडीला वास लागतो म्हणून कुरकुरायची. त्या दिवशी गाडी मोकळी होती. दौलताबादजवळ रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडून बायका बसल्या होत्या. आईंनी गाडी थांबवायला सांगितली. स्वतः उतरल्या, घासाघीस न करता पाटीभर सीताफळं घेतली, कमरेच्या पिशवीतून पैसे दिले. परत बसल्यावर म्हणाल्या, "घरी त्याला सांगू नको, इकत घेतल्यात म्हणून. माहेरची हायत म्हण." आणि मग पदर डोळ्यांना लावून त्या रडल्या. मी गाडी बाजूला घेऊन उभी केली. त्यांचा हात धरून बसून राहिले. रात्री नवऱ्यानं सीताफळं खाल्ली आणि मामाच्या गावची चवच वेगळी, असं दोनदा सांगितलं. आम्ही दोघींनी मान डोलावली.

थोड्याच दिवसांत पैसे माझ्या खात्यावर आले. सगळे, एकरकमी. सोबत एक शब्द नव्हता, जोडलेले हातही नव्हते. मी आईंना सांगितलं.

"सगळे आले?"

"सगळे."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि चकलीची भाजणी चाळायला बसल्या.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी आईंनी नेहमीसारखी लवकर अंघोळ केली, चांगलं लुगडं नेसल्या आणि ओसरीत माळेचे मणी ओढत बसल्या. बॅग त्यांनी मागितली नव्हती. चकल्यांचा एक डबा मात्र वेगळा भरलेला होता. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की त्यांची बोटं थांबायची. दुपारी मीच त्यांना जेवायला बोलावलं. संध्याकाळी त्यांनी तो डबा मोठ्या डब्यात ओतला.

मी त्यांना म्हणाले, "मी पैसे परत पाठवते. मला नकोत ते."

त्या पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. "मंग मी कशाला गेले व्हते तिथं?"

तुळशीची लग्नं झाली, थंडी पडू लागली. एका सकाळी ऑफिसात बसले असताना भाच्याचा फोन आला. इतक्या दिवसांनी. मी घसा खाकरून, गिऱ्हाइकाशी बोलतात तशी बोलले. तोही तसाच बोलला.

"वहिनी, कामात एक फॉल्ट निघालाय. देवघराशेजारची खिडकी उघडंना. लाकूड फुगलं बहुतेक."

माझं डोकंच फिरलं. पैसे दिले म्हणून आता चुका काढणार. शिवाय सागवान फुगतं ते पावसाळ्यात. थंडीत लाकूड आकसतं, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. मी ते त्याला सुनावलं.

"आसंल," तो म्हणाला. "पर उघडंना, हे खरं. तुमी येऊन बघा. काय व्हिजिटची फी आसंल ती आदुगर सांगा." मग जरा थांबून, "आत्यालाबी आणा. खिडकी तिच्या पसंतीची हाय. तिलाच दाखवाय पाहिजे."

मग आत जाऊन आईंना जसंच्या तसं सांगितलं. "मला काय कळतंय त्यातलं?" त्या म्हणाल्या आणि उठल्या. मी गाडी काढेपर्यंत त्या चपला घालून फाटकात उभ्या होत्या, हातात डबा होता. चकल्या मऊ पडल्या असतील, मी म्हणाले. "कालच नव्या केल्यात," त्या म्हणाल्या. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

लासूरला दारातच मामींनी मला थांबवलं. पाटावर बसवून माझी ओटी भरली. ओटीत तीच मोरपंखी साडी आणि तोच नारळ, पडेगावचा, आईंनी निवडलेला. "ह्यो आहेर हाय बरं का," मामी हळूच म्हणाल्या, आणि मला खाली बघावं लागलं.

भाचा मला खोलीत घेऊन गेला. आई दारातच थांबल्या. पलंगावर नवी चादर घातली होती, उशाशी पाण्याचा तांब्या होता. मी खिडकीपाशी गेले आणि एका बोटानं कडी सरकवून दार ढकललं. दोन्ही दारं आवाजसुद्धा न करता उघडली. बाहेर कांद्याची हिरवी रोपं आणि त्यापलीकडे रेल्वेचा रूळ. मी भाच्याकडे बघितलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. एवढा मोठा आडत्या, बाजारात चारशे माणसांपुढे बोली पुकारतो, आणि आत्याकडे बघायची त्याची टाप नव्हती.

मी खिडकी परत लावली आणि बाजूला झाले.

आई आत आल्या. चालत खिडकीपाशी गेल्या आणि लाकडावर तळवा ठेवला. ढकलल्यासारखं केलं, पण ढकललं नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "घट्ट हाय. आठ-धा दिवस रोज उघडझाक केल्याबिगर सुटायची न्हाय."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जा. तुझी कामं खोळंबली आसतील."